चोवीस घरांचं चक्र

जळगाव
२२ मार्च २०२५

प्रिय रतिलालभाऊ,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या दुकानाचं बक्षिसांचं चक्र आज टेम्पोत चढवलं. उद्या दुपारपर्यंत धुळ्याला पोचेल. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि मला फोनवर नीट बोलता येत नाही, म्हणून सगळ्या सूचना कागदावरच देते.

आमचं दुकान बाबांपासून पाट्या रंगवणारं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. फ्लेक्स आल्यापासून पाट्यांचं काम निम्म्यावर आलं. दोन वर्षांपूर्वी मी दुकानदारांच्या योजनांसाठी खेळ बनवायला लागले. पाईपवाल्याला खिळ्यांमधून गोळी घरंगळणारा फळा करून दिला, ट्रॅक्टरवाल्याला रिंगा फेकायचा खेळ. हे सगळं जळगावातच. जिल्ह्याबाहेर जाणारं हे पहिलंच काम आणि ते तुमच्या शब्दावर मिळालेलं, म्हणून जास्तच जपून केलं आहे.

चक्र चार फुटी, जाड प्लायचं. चोवीस घरं आहेत. एका घरात फ्रीज, बाकीच्यांत मिक्सर, कुकर, कढई, डबे, रुमाल. बाण वरच्या बाजूला आहे आणि त्याला चामड्याची पट्टी लावली आहे. ती कडेच्या खिळ्यांवर टकटक वाजते. तिला तेल लावू देऊ नका. स्टँड सपाट जमिनीवर ठेवा, एक पाय जरी उचललेला राहिला तरी चक्र खोटं पडतं.

मी ते दोनशे चाळीस वेळा फिरवून पाहिलं. प्रत्येक वेळी काय आलं ते वहीत लिहिलं. फ्रीज अकरा वेळा आला. हिशेबाने दहा वेळा यायला हवा, म्हणजे ठीक आहे. आमचे उखर्डूभाऊ, बाबांच्या वेळचे पेंटर, मला हसत होते. म्हणाले, ताईचा हात दुखेल पण शंका दुखायची नाही.

तुमच्या शेठचाही फोन आला होता. मोठ्या बक्षिसाबद्दल बोलले. त्यांना काय ते मी सांगितलं आहे, तुम्ही त्यात पडू नका.

वहिनींना नमस्कार.
तुमची
कामिनी


धुळे
१६ एप्रिल २०२५

चि. कामिनी,
अनेक आशीर्वाद.

चक्र सुखरूप पोचलं आणि जोरात चाललं आहे. लग्नाचा पूर्ण बस्ता आमच्याकडे बांधला की वधूपक्षाने एकदा फिरवायचं, असा नियम ठेवला आहे. दिवसाला तीन-चार बस्ते होतात. चक्राजवळ रोशनी नावाची मुलगी उभी केली आहे. पिंपळनेरकडच्या गावची, इथे खोली घेऊन बी.ए. करते आणि साड्यांच्या काउंटरला असते. तिच्या तोंडात साखर आहे. नवरीच्या आईला म्हणते, "मावशी, जोरात फिरवा, व्याह्यांवरचा सगळा राग इथंच काढा." लोक हसतात, मागचे पुढे येतात. शेठही खूश होते.

होते असं लिहिलं, कारण आता कुरबुर सुरू झाली आहे. पंचवीस दिवस झाले, फ्रीज एकदाही निघालेला नाही. मी मोजत नव्हतो, लोक मोजत होते. काल एक म्हातारे आबा चक्रासमोर उभे राहून म्हणाले, "शेठ, तुमचा फ्रीज चित्रातच गार पडला वाटतं." सगळं दुकान हसलं. शेठ हसले नाहीत.

तू शिकलेली आहेस, त्यातलं तुला कळतं. मला एवढंच विचारायचं आहे की चक्रात काही आहे का? तुला मला काही सांगायचं असेल तर सांग. मी घरचा माणूस आहे, बाहेर बोलणार नाही.

तुझा
रतिलालभाऊ


जळगाव
२० एप्रिल २०२५

प्रिय रतिलालभाऊ,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना जास्त लागलं. 'बाहेर बोलणार नाही' असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे बोलण्यासारखं काही असणार हे धरूनच चालला आहात.

वहीच्या त्या पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. दोनशे चाळीस नोंदी आहेत, तारखेसह. नव्वदेक वेळा फिरवून चोवीसांतलं एक घर एकदाही न येणं, असं शंभरात दोनदा होऊ शकतं. कमी आहे, पण अशक्य नाही. कॉलेजात हेच शिकले, म्हणून खात्रीने लिहिते.

आता माझे प्रश्न. स्टँड हलवला का? कुणी चक्र उतरवून पुन्हा चढवलं का? फ्रीज न निघाल्याने कुणाचं भलं होतं, हा विचार तुम्हीही केला असेलच. मी नाव घेत नाही.

हे वाक्य लिहून खोडणार होते, मग तसंच ठेवलं. रागात लिहिलं की खरं म्हणून लिहिलं, हे माझं मलाच सांगता येत नाही.

कामिनी


धुळे
३ मे २०२५

चि. कामिनी,
आशीर्वाद.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, घोळ झाला. तुझ्या कानावर दुसरीकडून येण्याआधी मीच लिहितो.

लोकांची कुरबुर वाढतच होती. बाण वर, आठ फुटांवर, तिथे पट्टीशी कोण काय करतं ते दिसत नाही, असं ते म्हणायचे. वर्षभर पत्त्याला हात न लावणारेही आखाजीला डाव मांडतात, त्यामुळे त्या दिवशी प्रत्येक जण जुगारातला जाणकार. चार जण हटूनच बसले की बाण खाली आणा, आमच्या डोळ्यांसमोर. शेठ वैतागून म्हणाले, आणा. सुताराला बोलावून बाण आणि पट्टी चक्राच्या खालच्या बाजूला लावून घेतली. घरांवरची अक्षरं उलटी दिसायला लागली, पण लोकांचं समाधान झालं.

आणि त्यानंतर अकरा बस्त्यांत तीन फ्रीज निघाले.

पहिल्याला टाळ्या पडल्या. दुसऱ्याला शेठ उठून उभे राहिले. तिसरा निघाला तो सिंगा नावाच्या माणसाला, मुलीचा बस्ता बांधायला आला होता. तो रोशनीच्या गावचा, तिला नावाने हाक मारणारा. शेठनी भर दुकानात तिला विचारलं की हात कुठे होता. कोपराने चक्र दाबलं असंही कुणी तरी म्हणालं. तिला तिथल्या तिथे काढलं. सिंगाचा फ्रीज टेम्पोत चढला होता, तो उतरवून घेतला. पोलिसात देण्याची भाषा झाली, पण ते मी थांबवलं.

विषय संपला आहे. तू शेठना काही लिहू नकोस.

रतिलालभाऊ


जळगाव
८ मे २०२५

प्रिय रतिलालभाऊ,
साष्टांग नमस्कार.

आधी एक कबूल करते. तुमचं पत्र वाचून मला हायसं वाटलं. दोष चक्राचा नव्हता, मुलीचा होता, म्हणजे माझी वही खरी. त्या दिवशी मी बरी जेवले. रात्री रोजनिशीत हे लिहिताना पेन अडकलं. एका मुलीची नोकरी गेली हे वाचून मला बरं वाटलं होतं.

मग नीट विचार केला. बाण खाली आणला तोच मुळी लोकांना दिसावा म्हणून. चार संशयी माणसं समोर उभी, आणि त्यांच्या देखत ही मुलगी चार फुटी चक्र चोवीस घरांपैकी नेमक्या एका घरावर कोपराने थांबवते, तेही तीनदा? हे चक्र मी बनवलं, मला एकदाही जमणार नाही. आणि स्वतःच्या माणसासाठी करायचं तर पहिले दोन फ्रीज तिने परक्यांना का दिले?

ती चक्राच्या कोणत्या बाजूला उभी होती? तुम्ही तिथे होतात का? तुमच्या पत्रात सगळे बोलतात, शेठ बोलतात, गर्दी बोलते. तुम्ही काय बोललात ते नाही.

बाण वर असताना फ्रीज एकदाही नाही, खाली असताना अकरांत तीन. मला चक्र परत हवं आहे. टेम्पोचं भाडं आमच्याकडे.

कामिनी


धुळे
१५ मे २०२५

चि. कामिनी,

चक्र पाठवलं आहे. माझं ऐकशील तर बघत बसू नकोस, मोडून लाकूड दुसऱ्या कामाला लाव. काही गोष्टी उकरून कुणाचं भलं होत नाही, आपल्या माणसांचं तर नाहीच.

र.


जळगाव
१९ मे २०२५

रतिलालभाऊ,

चक्र आलं. ते मी पालथं घातलं.

पाठीला आम्ही लाल ऑक्साइड मारतो. त्यावर दोन महिन्यांची धूळ बसली आहे. फ्रीजच्या घरामागे मात्र एक जागा स्वच्छ आहे, अर्धचंद्रासारखी, वितीएवढी. तिच्यात खिळ्यांची चार भोकं. तो घोड्याच्या नालेचा आकार आहे, लहान मूलही सांगेल. नाल उपटून काढलेली आहे, कडेचा प्लाय तासला गेला आहे.

लोखंडी नाल पाव किलोची तरी असणार. जड घर खाली जाऊन थांबतं. बाण वर असला तर फ्रीज कधीच येणार नाही. बाण खाली आणला की पुन्हा पुन्हा येईल. सगळं इतकं सरळ आहे. रोशनीने हात लावायची गरजच नव्हती.

आमच्या दुकानातून चक्र निघालं तेव्हा मोजून निघालं होतं. म्हणजे नाल धुळ्यात लागली. फ्रीज अडकून राहावा असं कुणाला वाटत होतं ते मला माहीत आहे, शेठनी मला फोनवर तेच सुचवलं होतं. नाल कुणी ठोकली? आणि नंतर ती काढली कुणी? 'मोडून टाक' असं तुम्ही लिहिलंत, त्यावरून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला कळल्यासारखं वाटतं. पहिल्याचं तुमच्याकडून हवं आहे.

मी चूक असले तर माझ्या तोंडावर सांगा. असावी अशी इच्छा आहे.

कामिनी


धुळे
२४ मे २०२५

चि. कामिनी,

नाल मी काढली. ठोकली तू, असं मला आजपर्यंत वाटत होतं.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चक्र आत घेताना मला ती दिसली. तीस वर्षं मी दुकानात आहे, जड बाजू खाली जाते हे कळायला कॉलेज लागत नाही. तुझं पहिलं पत्र मी जपून ठेवलं होतं, ते काढलं. 'मोठ्या बक्षिसाबद्दल बोलले, त्यांना काय ते मी सांगितलं आहे, तुम्ही त्यात पडू नका.' मी त्याचा अर्थ लावला की शेठनी मागितलं आणि तू करून दिलंस. दोनशे चाळीस नोंदींची झेरॉक्स पाठवलीस ती मला वरची रंगरंगोटी वाटली. दुकानाची ओढाताण आहे, पोरीने एकदा मन मारून केलं असेल, असं मनाला समजावलं. तुझ्या आईने मला लहानपणी दोन वर्षं घरात ठेवून शिकवलं आहे. तिच्या मुलीचं नाव मी चारचौघांत घेणार नव्हतो. पक्कडीने नाल उपटली आणि माझ्या कपाटात ठेवली. अजून तिथेच आहे.

तू विचारलंस की मी काय बोललो. काहीच बोललो नाही. रोशनी म्हणाली, "शेठ, मी बाणापासून दोन हात लांब होते. भाऊंना विचारा, ते इथंच होते." सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती खरंच दोन हात लांब होती. मी म्हणालो, गर्दीत माझं लक्ष नव्हतं. तेव्हा नाल पाहिली नव्हती, तेव्हा फक्त शेठची भीती. दुसऱ्या दिवशी नाल पाहिली, मग तुझ्यासाठी गप्प बसलो. हे दुसरं कारण मला पहिल्यापेक्षा चांगलं वाटलं, म्हणून तेच मी स्वतःला सांगत आलो.

तू ठोकली नाहीस म्हणतेस. मी विश्वास ठेवतो. शेठनी ठोकली असं मात्र वाटत नाही. त्यांना ठाऊक असतं तर बाण खाली आणू दिला असता का?

मग कुणी?

रतिलालभाऊ


जळगाव
२८ मे २०२५

प्रिय रतिलालभाऊ,
साष्टांग नमस्कार.

उखर्डूभाऊंनी.

तुमचं पत्र आलं तेव्हा ते बाहेर ब्रश धूत होते. मी त्यांना चक्राची पाठ दाखवली. त्यांनी लपवलं नाही, उलट नाल कुठे गेली म्हणून मलाच विचारलं. म्हणाले, "ताई, गाव सोडीसन जानारी वस्तू शे. बठ्ठासनी नजर फ्रीजवरच जाई. म्हनीसन तठेच ठोकी." सगळ्यांची नजर फ्रीजला लागणार, म्हणून नाल त्याच्याच मागे. काळ्या घोड्याची नाल त्यांनी सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणली होती, स्वतःच्या दारासाठी. दुकानाचं पहिलं बाहेरगावचं काम म्हणून ती आपल्याला दिली. माझं मोजणं संपलं, मी जेवायला घरी गेले, तेवढ्यात त्यांनी नाल ठोकून हळद-कुंकू लावलं आणि चक्र पोत्यात बांधलं. दुकानाच्या दारावर, बाबांच्या शिडीवर, रंगाच्या कपाटावर त्यांचं काही ना काही असतंच. इतकी वर्षं मी ते बघते आणि हसते. त्यांच्या श्रद्धेला वजन असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि माझं मोजणं शेवटचं असतं हे मी कधी त्यांना सांगितलं नाही.

मी तेवढ्याच वजनाचं लोखंड त्याच जागी लावून पुन्हा फिरवलं. बाण वर ठेवून शंभर वेळा, फ्रीज एकदाही नाही. बाण खाली ठेवून शंभर वेळा, फ्रीज सव्वीस वेळा. उखर्डूभाऊ शेजारी बसून बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "पोरनं काय व्हयनं मंग?" मुलीचं काय झालं ते मी सांगितलं. ते उठून गेले, चहा न घेता.

शेठच्या फोनचंही सांगते, आधीच सांगायला हवं होतं. ते म्हणाले होते, फ्रीज जरा दमाने निघू द्या. मी म्हणाले, चक्र माझं ऐकत नाही. ते हसले, मीही हसले. यापुढे जाऊन 'असलं काम आम्ही करत नाही' असं ठणकावून सांगायला हवं होतं. ऑर्डर जाईल म्हणून शब्द गुळगुळीत ठेवले. आणि तुम्हाला लिहिताना ते आणखी गुळगुळीत केले, कारण माझं हसणं मला तुम्हाला कळवायचं नव्हतं. माझ्या त्या एका वाक्यावर तुम्ही महिनाभर मला चोर समजलात. ते वाक्य मी लिहिलं, तुम्ही नाही. तुमच्याबद्दल मी जे वाटून घेतलं तेही तितकंच चुकीचं होतं.

आपण एकमेकांवर संशय घेतला आणि एकमेकांना सांभाळूनही घेतलं. त्याचं मोल त्या मुलीने दिलं, जिला आपल्यातल्या कुणीही एक ओळ लिहिली नाही.

आज सगळा खुलासा लिहून, सही-शिक्का मारून, एक प्रत शेठना रजिस्टरने पाठवते, दुसरी रोशनीला, पत्ता मिळाला की लगेच. तिचा गावचा पत्ता मला उलट टपाली कळवा.

कामिनी


पिंपळनेरजवळून
१० जून २०२५

कामिनीताईंना
रोशनीचा नमस्कार.

तुमचा कागद मिळाला. बाबांना वाचून दाखवला. खरं काय झालं ते समजलं, बरं वाटलं. उखर्डूबाबांवर माझा राग नाही. आमच्याकडेही नवीन बैलगाडीला काय काय बांधतात.

शेठनी काही कळवलं नाही. रतिलालभाऊंनी फोन केला होता. म्हणाले, शेठने कागद वाचून खणात टाकला आणि 'मुलगी गेली, विषय संपला' असं बोलले. मी काय म्हणते ते भाऊ पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मला वाटलं, त्यांना ऐकू येत नसेल, म्हणून मीच ठेवला.

पिंपळनेरला एका कपड्याच्या दुकानात मी कामाला विचारलं होतं. त्यांनी धुळ्याला चौकशी केली आणि नको म्हणाले. सिंगाकाकांच्या घरी लग्न झालं, तिथे बायका मला विचारत होत्या की फ्रीज कसा काढायचा ते आम्हालाही शिकव. हसून विचारतात. सप्टेंबरमध्ये माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे, धुळ्यात राहायला काम लागेल. पण तिथल्या आग्रा रोडच्या बाजारात सगळे दुकानदार एकमेकांना ओळखतात.

तुमचा कागद माझ्या पेटीत आहे. तो किती जणांना दाखवू? मला चोर म्हटलं ते भर दुकानात, आखाजीच्या गर्दीत. ती माणसं माझ्या पेटीजवळ येणार नाहीत.

तुमचं बोर्डाचं दुकान आहे. एक बोर्ड करा. दुकानासमोर वनाकाकांची चहाची टपरी आहे, तिची भिंत रिकामी आहे. मी त्यांना विचारलं आहे, ते हो म्हणाले.

रोशनी


जळगाव
१४ जून २०२५

प्रिय रोशनी,
अनेक आशीर्वाद.

तुझं म्हणणं बरोबर आहे. कागदावर सही करून मला वाटलं होतं की मी सुटले.

बोर्ड चार फूट बाय तीन फूट, पत्र्याचा, हाताने रंगवलेला. फ्लेक्स नको, तो कुणीही फाडतं. मजकूर असा योजला आहे:

'जाहीर खुलासा. आखाजीच्या दिवशी समोरील दुकानात बक्षिसाच्या चक्रात जो प्रकार घडला, तो चक्र बनवणाऱ्या आमच्या दुकानाकडून अजाणता झालेल्या चुकीमुळे घडला. चक्र चालवणारी गरीब आदिवासी मुलगी रोशनी ही निष्पाप आहे. तिला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कौतिक आर्ट्स, जळगाव.'

आमच्या नावाखाली अशी पाटी लागली की धुळ्यात आम्हाला पुन्हा काम मिळेलसं दिसत नाही. हे तुला उपकार म्हणून सांगत नाही, तू विचारू नयेस म्हणून आधीच सांगते. काही बदलायचं असेल तर कळव. तुझं उत्तर आल्याशिवाय ब्रश लावणार नाही.

कामिनीताई


पिंपळनेरजवळून
२० जून २०२५

कामिनीताई,
नमस्कार.

तीन बदल आहेत.

'गरीब आदिवासी मुलगी' काढा. चक्र दाबायला किंवा न दाबायला त्याचा काय संबंध? तिथे रोशनी बादल चौरे असं पूर्ण नाव लिहा.

'निष्पाप' नको, ते भजनातलं वाटतं. 'हिने काहीही केलेलं नव्हतं' असं लिहा. टपरीवर चहा पिणाऱ्याला समजलं पाहिजे.

'अजाणता' हा शब्द उखर्डूबाबांपुरता खरा आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एका माणसाला सगळं कळलं होतं. रतिलालभाऊंनी मला ते स्वतःच फोनवर सांगितलं, म्हणून मी त्यांना वाईट म्हणत नाही. साडीची घडी कशी घालायची ते मला त्यांनीच शिकवलं. पण त्या दिवशी मी त्यांचंच नाव घेऊन सांगितलं होतं, विचारा म्हणून. ते लोकांनी ऐकलं आहे. आता बोर्डावर त्यांचं नाव नसलं तर लोक म्हणतील, जळगाववाल्यांनी हिला दया म्हणून लिहून दिलं.

त्यांचं नाव टाकायचं नसेल तर बोर्ड लावू नका. अर्धा नको.

रोशनी


जळगाव
२५ जून २०२५

प्रिय रतिलालभाऊ,
साष्टांग नमस्कार.

रोशनीचं पत्र सोबत आहे. आधी ते वाचा.

चार दिवस मी ते टेबलावर ठेवलं. पहिल्या दिवशी वाटलं, पोरगी फारच ताणते आहे. दुसऱ्या दिवशी तुमच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय हे आठवलं, शेठ एक दिवसही थांबणार नाहीत. तिसऱ्या दिवशी तिला मऊ शब्दांत कसं समजवायचं त्याचा मसुदा मी रोजनिशीत लिहिला. चौथ्या दिवशी तो वाचला. माझ्या पहिल्या पत्रातल्या त्या वाक्यासारखाच होता. फाडला.

तिचं एकही वाक्य मला खोडता येत नाही. तुमच्या बाजूने बोलायचं तर एकच, की तुम्ही गप्प बसलात ते थोडं माझ्यासाठी. पण ते बोर्डावर लिहिण्यासारखं नाही, आणि तिच्या उपयोगाचं तर नाहीच.

पत्रा कापून पांढरा केला आहे. उखर्डूभाऊंनी स्वतःचं नाव लिहायला सांगितलं आहे. 'मन्ही चूक शे, मन्हं नाव लिख' म्हणाले. मी दुकानाचं लिहिते आहे, त्यांचंही लिहीन. तुमचं लिहायचं की नाही हे मी ठरवणार नाही आणि तुम्हाला गळही घालणार नाही. नाही म्हणालात तर मी तसं रोशनीला कळवेन, कारण न सांगता, आणि तुमच्या घरी यायची तशीच येत राहीन. हो किंवा नाही, एवढंच लिहा.

कामिनी


धुळे
३० जून २०२५

चि. कामिनी,
अनेक आशीर्वाद.

नाव लिही. रतिलाल ओंकार फिरके, मॅनेजर. अक्षरं बाकीच्यांएवढीच ठेव, खाली कोपऱ्यात बारीक करू नकोस.

'यांना खरं कळलं होतं, तरी हे बोलले नाहीत' एवढंच वाक्य घाल. दिलगिरी लिहू नकोस. ती मागायला मी रविवारी पिंपळनेरच्या गाडीने जाणार आहे, ती घेवो न घेवो. तुझी वहिनी आधी रागावली, काल म्हणाली की मीही येते.

शेठना मी अजून सांगितलेलं नाही. बोर्ड लागला की ते गादीवरून वाचतील, टपरी बरोबर समोर आहे.

तू फक्त तारीख सांभाळ. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी बोर्ड माझ्या हातात पोचू दे, शिडी आणि खिळे मी बघतो. बाजाराला आजूबाजूची सगळी गावं येतात आणि सकाळी नऊपासून त्या टपरीवर उभं राहायला जागा नसते.

तुझा
रतिलालभाऊ